चौदावा दिवस

उस्मानपुऱ्यातल्या अतुल सरांनी नवी स्कूटर मुद्दाम अमावस्येला घरी आणली होती, तीही लिंबू-मिरची न बांधता. दर रविवारी विहारात अंधश्रद्धेवर तासभर बोलणारा हा माणूस. बायकोला, रूपाला, त्याचा लई अभिमान.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची ही तिसरी खेप होती. "गर्भ सोडल्यापासून चौदाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी घरीच टेस्ट करा. आधी नको, नंतरही नको," असं डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. रूपानं एकेक दिवस बोटावर मोजून काढला. बुधवारी संध्याकाळी ती किट बाथरूममध्ये ठेवायला निघाली, तर शाळेतून आलेला अतुल म्हणाला, "अगं, मॅडमचा फोन आला होता. उद्या नको, परवा करा म्हणल्या."

"आणखी एक दिवस? इथं जीव चाललाय माझा!"

"नऊ वर्षं थांबलो, एका दिवसानं काय होतंय?"

शुक्रवारी सकाळी किटवर दोन रेघा उमटल्या. रूपानं रडत-हसतच मॅडमना फोन लावला. त्यांनाही आनंद झाला, पण लगेच रागावल्या, "काल दिवसभर वाट बघितली मी तुमच्या फोनची!"

"तुम्हीच तर ह्यांना फोन करून आज करा म्हणलात ना?"

"मी? मी कुठं फोन केला?"

रूपानं फोन खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.



गुरुवारच्या चौकटीत अमावस्येचा काळा गोळा होता.