परत म्हणा

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी कधी उत्तर पाठवलं नाही. "दादा, आईच्या आजारपणात तू आला नाहीस. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती," एवढंच तिनं लिहिलं होतं. मी कितीदा तरी लिहायला बसलो. दर वेळी रजेची, प्रवासाची, माझ्या तब्येतीची कारणंच कागदावर उतरायची आणि ती वाचून माझी मलाच लाज वाटायची.

नोकरी मात्र माझी उत्तरं घेण्याचीच, जहाजांच्या कालव्याच्या नियंत्रण कक्षात. कालव्यात शिरणाऱ्या जहाजावर रेडिओ चालू हवा, आणि आम्ही दिलेली सूचना कप्तानानं त्यावर जशीच्या तशी परत म्हणून दाखवायला हवी. नुसतं "हो, कळलं" चालत नाही. तसं म्हणेपर्यंत जहाज बाहेरच थांबतं.

आज एक कप्तान गाऱ्हाणंच सांगत बसला. "साहेब, सेट जुना झालाय, काल वादळ होतं, माणसं थकलीत..."

"कप्तानसाहेब, कारणं विचारली नाहीत मी. मी काय सांगितलं, तेवढं परत म्हणा."

शेजारचा सहकारी खो खो हसला. "काका, तुम्ही मास्तरच व्हायला हवं होतं. सबब सांगितली की बाकावर उभं!"

मला काही हसू आलं नाही. घरी जाताना पोस्टात शिरलो, एक कार्ड घेतलं, तिथंच उभ्यानं दोन ओळी लिहिल्या आणि पेटीत टाकलं.



"चिमे, आईच्या आजारपणात मी आलो नाही. शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती."