गार्डसाहेबांच्या घरचा ऊस

साखर कारखान्याच्या कोळशावर चालणाऱ्या छोट्या आगगाडीवर गार्डसाहेबांनी उभी हयात काढली. मळ्यामळ्यांतून रूळ पसरले, तेव्हा त्यांचा रुबाब राजासारखा होता. चालत्या डब्यातून ऊस ओढणाऱ्यांना ते शिव्यांची लाखोली वाहायचे. पुढे ट्रक आले, रूळ भंगारात गेले, मळेही मोडले आणि गार्डसाहेब घरी बसले.

एका दुपारी त्यांची बायको अंगणात कचाकचा ऊस खात होती.

"अगं, हा कुठून आणलास?"

"गाडीतून ओढला. इतकी वर्षं तुमच्या धाकानं जमलं नव्हतं."

गार्डसाहेब खो खो हसले. "दात पडायला आले आणि आता चोऱ्या सुचतायत!"

पण कांडं ताजं होतं, रस टपकत होता. ते भिंतीपलीकडे डोकावले. पूर्वी गाडी जायची तिथे आता रूळ नव्हते, नुसतं गवत होतं. गवतावर कोळशाची राख पडली होती, अजून धुमसणारी.

ते परतून बायकोसमोर उभे राहिले. "मग गार्डानं पकडलं नाही तुला?"

"पकडलं की! केवढ्यानं खेकसलात माझ्यावर."

"मी?"

"तुम्हीच. वर म्हणालात, 'घरात बसलाय त्याला सांग, तुझी रजा संपली.'"