मेपलला स्वतंत्र आकडा

प्रकरण २२ : पेये, मद्य, व्हिनेगर

"दारू? माझ्या नावानं दारू?"

नंदकिशोर पत्र हातात धरून एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारी दोन जण गच्चीवर आले. बऱ्याच वर्षांनी काहीतरी बरं ऐकायला मिळालं होतं.

नंदकिशोर आबकारी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी बालाघाट जिल्ह्यातले दारूचे मटके फोडले. स्वतः कधी थेंब घेतला नाही, हे ते न विचारता सांगत. आणि आता कस्टमवाले त्यांना कळवत होते : कॅनडाहून आपल्या नावे एक बाटली आली आहे. तपकिरी द्रव. लेबल नाही. झाडाच्या रसापासून केलेला. मद्य असल्याचा संशय. पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास नष्ट करण्यात येईल.

बाटली वल्लरीनं पाठवली होती. लग्नावरून बापलेकीत अबोला धरला गेला, त्याला पाच वर्षं झाली. आईला मात्र ती फोन करायची. अंगणातल्या मेपलचा रस मीच आटवला, म्हणाली. बाबांसाठी आहे, म्हणाली.

"ही बाटली फेकली गेली तं दुसरी येणार नाही," अहिल्याबाई म्हणाल्या. "पोरगी तुमचीच हाय."

प्रकरण १७ : साखर

नंदकिशोरांनी चष्मा पुसून मोबाइलवर कस्टमची यादी काढली; त्यात प्रत्येक मालाला प्रकरण आणि आकडा असतो. साखरेत १७०२. त्याच्या खाली १७०२.२० : मेपल साखर आणि मेपल सिरप.

"पाह्य अहिल्या! एका झाडाले स्वतंत्र आकडा! साऱ्या जगानं मानलेला!"

सवयीनं त्यांचं बोट दारूवाल्या मोहाचं झाड शोधत खाली गेलं. मोहाला आकडा नव्हता. मोहाला नंदकिशोर होते.

१७०२.९० : इतर

किरनापूरकडच्या एका खेड्यात चंपाबाई लेक आणि शाळकरी पोरासोबत राहायची. नंदकिशोर तेव्हा नोकरीत साहेब होते; मार्च चालू होता आणि साहेबांच्या वर्षाच्या केसेस कमी भरत होत्या. चंपाबाईच्या चुलीवर पातेलं होतं. पातेल्यात मोहफुलं रटरटत होती.

"साहेब, दारू नोहोय. लेकीच्या बाळंतपणाचा पाक हाय. चाखून तं पाहा."

"मी ड्यूटीवर चाखत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी बुटानं पातेलं आडवं केलं. पंचनाम्यात तीन वाक्यं लिहिली. वास येतो. मद्य आहे. नष्ट केले. वास त्यांनी घेतला नव्हता, पण केसेस भरल्या. वरून शाबासकी आली, ती अजून फ्रेममध्ये आहे.

खुलासा

पहिल्या खुलाशात त्यांनी आपलं पद, तीस वर्षं आणि शाबासकीचा क्रमांक लिहिला. अहिल्याबाईंनी विचारलं, "याच्यात बाटली कुठी हाय?" कागद फाडला.

दुसऱ्यात त्यांनी १७०२.२० हा आकडा लाल शाईनं लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. मग स्वतःलाच वरच्या साहेबाचा प्रश्न विचारला : बिनलेबलच्या बाटलीत मेपलच आहे, कशावरून? कशावरूनच नाही. कागद फाडला.

तेराव्या दिवशी त्यांनी तिसरा खुलासा एका दमात लिहिला.

'साहेब, दारू नाही. लेकीच्या हातचा पाक आहे. कृपया चाखून पाहावे.'

अहिल्याबाईंनी तो दोनदा वाचला. "इतकं साधं लिहाले तुमाले कोणं शिकवलं?"

नंदकिशोरांनी कागद त्यांच्या हातातून घेतला. चपला घालून पत्र स्कॅन करायला निघून गेले.

शेरा

आठवड्यानं बाटली आली. सोबत एक कागद होता. शेऱ्याच्या रकान्यात हातानं लिहिलं होतं :

'वास घेतला. चाखून पाहिले. पाक आहे. १७०२.२०. सोडून दिले.'

खाली स्वच्छ अक्षरात सही. नागसेन चंपाबाई मेश्राम.

नंदकिशोरांचं बोट सहीतल्या मधल्या नावावर, आईच्या नावावर, थांबलं. अहिल्याबाईंनी बाटली उजेडात धरली. झाकणाचं सील उघडलेलं होतं.

"अहो, चमचाभर कमी दिसून राह्यली. कोणं चोरली का काय?"

"नाही," नंदकिशोर म्हणाले. "चाखली. ड्यूटीवर."