वरचा गोड घोट

सुकेसीने पाठीवरची बाटल्यांची टोपली उतरवली आणि थेट रुमियातीच्या बाकड्यावर जाऊन बसली. बाजारात जामूचे, म्हणजे जडीबुटीचे, काढे विकणाऱ्या दोघीच, आणि त्या अशा समोरासमोर! शेजारच्या बायका भाजी निवडायच्या थांबल्या.

"माझ्या नवऱ्याला पाजतेस तेच दे."

रुमियातीने पेला भरला.

सुकेसीचा नुसता जळफळाट चालला होता. नवऱ्याचे, सार्मानचे, गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले, तेव्हापासून रोज पहाटे हळद-आलं वाटून, काडेकिराईत उकळून तीच त्याच्या हातात पेला देत होती. पोटातले जंतू मेले की सांधे मोकळे होतात, असं तिची आई सांगायची. पण गुडघे काही मोकळे होईनात. आणि या विधवेकडे महिनाभर गेला काय, गडी शिट्टी वाजवत सायकलवर फिरायला लागला! बायका विचारत, "तुझ्या हाताचा गुण गेला वाटतं गं?"

तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला. हळद, आलं, काडेकिराईत. सगळं तिचंच. आलं तर उलट कमीच.

"काय मंतरून टाकतेस यात?"

"काही नाही. हे घे वरून." रुमियातीने चिंच-ताडगुळाच्या पाण्याची वाटी पुढे केली.

"कडूवर गोड घोट द्यायचा, हे मला शिकवू नकोस. मीही देते गिऱ्हाइकाला, फुकट."

"आणि त्याला?"

"घरच्या माणसाला कशाला? तो काय गिऱ्हाईक आहे?"

रुमियाती हसली नाही. "तुझा पेला तो कुठे ओततो, ते तुझ्या जास्वंदीला विचार."

घरी येऊन सुकेसी परसात वाकली. जास्वंदीच्या बुंध्याशी माती पिवळीधमक झाली होती. तिला रडू आलं, रागही आला. कुणाचा, ते मात्र तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडू पेला रिकामा होईपर्यंत ती सार्मानसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग गोड पाण्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, घोट घेतला, ओठ चाटले.

"छान आहे," तो म्हणाला. "पण तिचं जरा जास्त गोड असतं."

सुकेसीने वाटी हिसकावली, त्यात ताडगुळाचा भलामोठा खडा टाकला आणि अशी काही ढवळली की निम्मं पाणी सांडलं.

"पी," ती म्हणाली. "आणि आता बोल."