पट्टी बंद पडली तेव्हा

"वैजयंता, चहा टाक," केरबाअण्णांच्या गळ्यातली पट्टी म्हणाली.

सकाळपासूनचा सातवा चहा! वैजयंतानं धुसफुसतच गॅस पेटवला. लकव्यानं सासऱ्यांची वाचा गेली, तेव्हापासून ही पट्टीच त्यांच्या वतीनं बोलायची. मनात पहिला शब्द उमटला, की पुढचं वाक्य ती सवयीवरून ओळखून बोलून टाकायची. पहिल्या दिवशी अण्णांनी पट्टीतून सुनेला हाक मारली, तिनं चहा आणला आणि त्यांनी तो निमूट प्यायला. पट्टीनं तेवढंच पक्कं धरून ठेवलं होतं.

ती कप घेऊन आली, तर पट्टीचा दिवा विझलेला. चार्जिंगला लावायची राहूनच गेली होती. अण्णांचे ओठ मात्र हलत होते.

"पट्टी बंद पडलीया, अण्णा. आता तुम्हीच सांगा, काय पायजे ते."

अण्णांच्या कपाळावरची शीर तटतटली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चार वेळा पुढं सरकला. वैजयंता कप धरून उभीच होती.

"वै... जू," अखेर शब्द फुटले. "बस. जरा... बस."

खिडकीत ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी तो कुणीच उचलला नाही.