प्रोफेसरांची प्लेट

येसेनियाने मोबाइल पुढे केला, तेव्हा प्रोफेसर अपासांनी आधी चष्मा मागितला. आरेकिपा शहरातल्या निम्म्या प्रयोगशाळांत त्यांचेच विद्यार्थी. या इस्पितळातली प्रयोगशाळा येसेनिया सांभाळायची. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा ताप उतरत नव्हता. त्यांच्या रक्तातले जंतू तिने प्लेटवर वाढवले होते, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या, आणि सकाळपासून ती वॉर्डात यायचं टाळत होती.

"माझीच ना?"

"हो, प्रोफे."

त्यांनी प्लेटचा फोटो बोटांनी मोठा केला. औषध लागू पडलं की चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहतं. इथे एकाही चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. जंतूंची साय थेट कडेला भिडली होती.

"चकत्या जुन्या असतील."

"नवी डबी फोडली. पुन्हा लावून पाहिलं. दुसऱ्या जंतूंवर त्याच चकत्या चालल्या."

"म्हणजे शिकवलेलं वाया गेलं नाही." ते हसले. तिला हसता आलं नाही.

"लिमाहून एक औषध मागवलंय, प्रोफे. ते आलं की..."

"पोरी, थापा मला मारू नकोस."

शेजारच्या खाटेवर विल्बर होता, खाणीत पाय चिरडलेला. त्याची आई रविवारचा आदोबो घेऊन आली होती. डुकराच्या मटणाच्या लालभडक रश्शाची वाटी आणि पाव घेऊन ती प्रोफेसरांकडे आली.

"घ्या, डॉन फोर्तुनातो. नुसती हाडं उरलीत तुमची! बायको नाही म्हणून उपाशी मरायचं का?"

त्यांचा हात पुढे गेला, आणि थांबला.

"नको, सेन्योरा. लांब व्हा."

"अगंबाई! रुसलात की काय?"

"लांब व्हा म्हटलं ना!"

ती मागे सरली. प्रोफेसरांनी येसेनियाकडे वळून आवाज खाली आणला. "त्या पोराची जखम अजून उघडी आहे. मला आत्ताच एकट्याच्या खोलीत हलव."

"तिथे लेकीलासुद्धा काचेबाहेरूनच बघावं लागेल, प्रोफे."

"हलव."

वॉर्डबॉय खाट ढकलत घेऊन गेले. विल्बरने हात हलवला. प्रोफेसरांनी मान वळवली नाही.

"शिकलेली माणसं!" आई वाटी झाकत म्हणाली. "आमच्या हातचं कसं चालेल त्यांना?"

येसेनिया दाराजवळच्या नळावर हात धूत होती. तिने ऐकलं. साबण कधीच निघून गेला होता, तरी ती हात धूतच राहिली.