आणखी एक गाणं

रबीअनं दुबईच्या हॉटेलवाल्याला संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं होतं, आणि संध्याकाळ तर झाली होती.

"हो म्हणून टाक," ड्रम वाजवणारा कमील म्हणाला. "लोकांची गाणी गावी लागतील, पण जेवून तरी झोपशील."

रबीअला लोकांची गाणी नको होती. पण बैरूतमध्ये त्याच्या स्वतःच्या गाण्यांना कुत्रं विचारत नव्हतं. वसंतात तर नखलेच्या कॅफेत समोर दोन-तीन डोकी दिसायची, त्यातल्या दोन कमीलच्या मावश्या. ओळखीच्या चाली वाजवा, नाहीतर गुरुवार दुसऱ्याला देतो, असं नखलेनं तोंडावर सांगितलं होतं. डिझेल काय झाडाला लागतं का, असंही तो कुरकुरायचा. सरकारी विजेचा भरवसा नाही, त्यामुळे गाणी चालू तोवर त्याचा जनरेटर चालू; शेवटचं गाणं संपलं रे संपलं की गडी मागं पळत जाऊन तो बंद करायचा.

आणि या उन्हाळ्यात काय जादू झाली कोण जाणे, गुरुवारी कॅफे भरायला लागला.

माणसं आधीच येऊन जागा धरायची. भिंतीकडच्या टेबलांवरून तर बाचाबाची व्हायची. भिंतीशी आवाज चांगला लागतो, असं कमीलचं मत. माना खाली घालून सगळे शांत बसत, आणि कार्यक्रम आवरता घेतला की एकच गलका, आणखी एक, आणखी एक! त्यात सगळ्यांत पुढे सित्त वदाद, म्हणजे वदादबाई, पलीकडच्या गल्लीतली म्हातारी शिंपीण. जड पिशवी पायाशी घेऊन ती कोपऱ्यात बसायची. कधी मान डोलवायची नाही, पण लवकर उठायचीही नाही. रबीअला तिचं फार अप्रूप होतं.

आज मुंगीला शिरायला जागा नव्हती. नखले स्वतः कॉफी घेऊन आला आणि उन्हाळाभर गुरुवार तुमचाच, म्हणाला.

मध्यंतरात रबीअनं मागच्या दाराशी उभं राहून दुबईला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस भला होता. पुन्हा विचार करा, म्हणाला, ही जागा आजच दुसऱ्याला जाईल.

"जाऊ द्या," रबीअ म्हणाला. "माझी माणसं इथं आहेत."

परत येऊन त्यानं नवं गाणं काढलं, आईवर लिहिलेलं. पहिलं कडवं संपतंय तोच बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. एक खुर्ची सरकली. मग दुसरी. माणसं टेबलांखाली वाकली, आपापलं सामान गोळा केलं, पैसे ठेवले आणि भराभर बाहेर पडली. कमीलचे हात थांबले.

रबीअनं डोळे मिटून गाणं एकट्यानंच पुरं केलं. उघडले तेव्हा कोपऱ्यात सित्त वदाद तेवढी बसून होती. त्याला भरून आलं. तो तिच्यापाशी गेला आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

"सित्त वदाद, तुम्ही तरी थांबलात."

तिनं वाकून पिशवीत पाहिलं.

"आणखी एक म्हण ना, बाळा," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत अजून वीज आलेली नाही, आणि ह्यांच्या श्वासाच्या यंत्राची बॅटरी अर्धीच भरलीय."